अपलिंकची पाळी: फुल-डुप्लेक्स प्रकल्पाच्या नोंदी, नागपूर

३ फेब्रुवारी २०२५

विषय मंजूर झाला: फुल-डुप्लेक्स सेल्युलर नेटवर्कमध्ये अपलिंकचं, म्हणजे मोबाईलकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचं, नियोजन. एमटेकच्या शेवटच्या सत्राचं काम, दोघांत मिळून. सिम्युलेशन माझ्याकडे, टेबलावरचं हार्डवेअर जोडीदाराकडे. सर म्हणाले, रोज लिहू नका, काही हाती लागलं की लिहा. आणि मराठीत लिहा, पुढच्या बॅचला रिपोर्टपेक्षा हेच जास्त कामी येईल.

मांडणी अशी. आजच्या नेटवर्कमध्ये जाणारा आणि येणारा सिग्नल एकमेकांच्या वाटेत येऊ देत नाहीत. एफडीडीत दोघांना वेगळी फ्रिक्वेन्सी, टीडीडीत वेगळी वेळ. फुल-डुप्लेक्समध्ये दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी. कागदावर क्षमता दुप्पट. आमच्या प्रकल्पात फुल-डुप्लेक्स फक्त बेस स्टेशन (टॉवर किंवा खांबावरचं यंत्र) आहे, मोबाईल जुनेच. एका क्षणी मोबाईल एक तर पाठवेल, नाही तर घेईल. त्यामुळे बेस स्टेशन एकाला डाउनलिंक (टॉवरकडून मोबाईलकडे येणारा सिग्नल) देताना दुसऱ्याचा अपलिंक ऐकणार. ही दोघांची जोडी कशी जमवायची, आणि कधी जमवायचीच नाही, एवढाच प्रश्न.

६ फेब्रुवारी

गृहीतकं पक्की केली. स्मॉल सेलची (खांबावरच्या छोट्या बेस स्टेशनची) पॉवर २४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल), अँटेना गेन ५ डेसिबल, बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ, फ्रिक्वेन्सी २ गिगाहर्ट्झ. मोबाईलची कमाल पॉवर २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. नॉइज फिगर, म्हणजे रिसीव्हर स्वतः वाढवतो तो नॉइज, बेस स्टेशनला १३ आणि मोबाईलला ९. पाथ लॉसची (वाटेत सिग्नल किती घटतो त्याची) सूत्रं ३जीपीपीच्या, म्हणजे मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, ३६.८२८ क्रमांकाच्या अहवालातली घेतली, कारण शेजारचे सेल (एकेका बेस स्टेशनचे इलाखे) एकाच वेळी उलट दिशांना चालले तर काय होतं, याचाच तो अभ्यास आहे.

१० मेगाहर्ट्झला थर्मल नॉइज उणे १०४ डीबीएम. त्यात १३ मिळवले की बेस स्टेशनचा नॉइज फ्लोअर उणे ९१. स्वतःचाच २४ डीबीएमचा सिग्नल तिथवर खाली दाबायचा तर ११५ डेसिबल कॅन्सलेशन हवं. ४६ डीबीएमच्या मोठ्या टॉवरला, रिसीव्हर चांगला म्हणून नॉइज फिगर ५ धरला तरी, १४५ लागतं. मोठ्या टॉवरचा विचार तिथेच सोडला.

समजा ११० मिळालं. मग स्वतःच्या सिग्नलचा अवशेष उणे ८६ वर उरतो, आणि नॉइजसकट बेरीज साधारण उणे ८४.८. अपलिंकला सहा डेसिबलचा फटका. हा सोसता येतो. १०० वरच अडकलो तर फटका १५ चा, आणि मग सेलच्या कडेचा माणूस गेलाच समजा.

११ फेब्रुवारी

वाचन. एकाच चॅनलवर एकाच वेळी बोलणं-ऐकणं रेडिओला जमत नाही, हे बरीच वर्षं पाठ्यपुस्तकी सत्य होतं. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ते करून दाखवलं. २०१३ मध्ये त्याच विद्यापीठातून एका अँटेनावर, ८० मेगाहर्ट्झच्या वायफायसाठी, ११० डेसिबल कॅन्सलेशनचा पेपर आला. पहिला लेखक दिनेश भारडिया, आयआयटी कानपूरचा बीटेक. वायफायची पॉवर २० डीबीएम, नॉइज उणे ९०; फरक नेमका ११०. म्हणून तो पेपर एवढा गाजला.

पीएचडी करणाऱ्या ताई आमच्याच लॅबमध्ये बसतात. त्यांनी कागद चाळला आणि म्हणाल्या, "एका लिंकचं काम यांनी करून ठेवलंय. तुम्ही दोघं त्यातच अडकून बसू नका. तुमची डोकेदुखी शेजारचा सेल आहे."

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी सीताबर्डीला गेलो. काल्पनिक स्मॉल सेल कुठे टांगायचे ते कागदावरच्या षटकोनांवरून ठरवण्यात मजा नाही, म्हणून खरा रस्ता घेतला. व्हरायटी चौकातून मेन रोडने चालत निघालो. दोघांकडे एकेक वही, खांबांची उंची टिपायची, आणि बघायचं एकच: या विजेच्या खांबावरून पुढचा खांब दिसतो का? आणि त्याच्या पुढचा?

खाली गर्दीत काहीच दिसत नाही, पण मान वर केली की चित्र बदलतं. दुकानांच्या पाट्यांच्या वरच्या पट्ट्यात रस्ता मोकळा आहे आणि एका खांबावरून पुढचे दोन-तीन खांब सहज नजरेत येतात. आडव्या गल्लीत शिरलं की पहिल्याच वळणावर इमारत आडवी येते. जोडीदाराला वाटलं हे चांगलंच आहे, सिग्नल लांब जाईल. डाउनलिंकसाठी चांगलंच आहे. अपलिंकसाठी काय आहे ते परवा हिशेब केल्यावर कळेल.

वर्धा रोडच्या डबल-डेकर पुलाखालूनही आलो. ३.१४ किलोमीटरचा पूल: खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. पुलाखाली डाव्या कडेचा खांब आणि उजव्या कडेचा खांब यांच्यामध्ये मधले जाडजूड पिलर येत राहतात. हे ठिकाण दुसऱ्या नमुन्यासाठी वहीत टिपून ठेवलं.

२० फेब्रुवारी

हिशेब केला. दोन खांबांत २०० मीटर, मधे काही नाही. पाथ लॉस ९८.४ अधिक २० लॉग ०.२, म्हणजे ८४.४ डेसिबल. शेजारच्या बेस स्टेशनची पॉवर २४, दोन्हीकडच्या अँटेनाचे पाच-पाच. आपल्या रिसीव्हरवर येणारा शेजाऱ्याचा डाउनलिंक: उणे ५०.४ डीबीएम.

आता आपला मोबाईल. खांबापासून ४० मीटरवर, पण दुकानाच्या आत, सरळ नजर नाही. पाथ लॉस ९३. पूर्ण २३ डीबीएमने ओरडला तरी आपल्यापर्यंत उणे ६५ पोचतो. म्हणजे २०० मीटरवरचा शेजारी आपल्या ४० मीटरवरच्या गिऱ्हाइकापेक्षा साडेचौदा डेसिबलने मोठा ऐकू येतो. आणि ही झाली पूर्ण पॉवर. एलटीईचा (४जीचा) नेहमीचा पॉवर कंट्रोल, म्हणजे मोबाईलने गरजेपुरतंच ओरडायचा नियम, लावला (त्याचे दोन आकडे अल्फा ०.८ आणि पी-शून्य उणे ७६), तर हाच मोबाईल ११.४ डीबीएमवर बसतो आणि फरक २६ डेसिबलपर्यंत जातो.

जोडीदार आकड्यांकडे बघत राहिला. "काहून बे, आपण ११५ डेसिबल मारायच्या गोष्टी करून राहिलो, अन् शेजाऱ्याचं काय?"

शेजाऱ्याचं काय, हाच आता प्रकल्प. स्वतःचा सिग्नल स्वतःला माहीत असतो, म्हणून तो वजा करता येतो. शेजाऱ्याचा माहीत नसतो.

आडव्या गल्लीतला शेजारी मात्र वेगळा निघतो. तेच २०० मीटर, पण मधे इमारत असेल तर सूत्र बदलतं आणि पाथ लॉस १४१.४ होतो. उणे १०७ डीबीएम, नॉइजच्याही खाली. आहे की नाही ते कळणारसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी

कालच्याचा पुढचा टप्पा. स्वतःचाच अवशेष उणे ८६ वर असताना शेजाऱ्याला उणे ९१ च्या खाली ठेवण्याचा आग्रह वाया आहे, म्हणून मर्यादा उणे ८६ ठरवली. त्यासाठी दोन बेस स्टेशनमध्ये १२० डेसिबल पाथ लॉस हवा. सरळ नजर असेल तर, लांबच्या अंतराच्या सूत्राने, हे अंतर येतं साधारण २.८ किलोमीटर. मधे इमारत असेल तर ५८ मीटर.

हा आकडा बोर्डावर लिहून ठेवला आहे, कोणी पुसू नये. अंतर मोजून सेल आखण्याची सवय इथे कामाची नाही. कोणाला कोण दिसतो ते आधी बघायचं.

२८ फेब्रुवारी

सिम्युलेशनचा पहिला मोठा रन. सीताबर्डीच्या रेषेतले सेल, प्रत्येकात काही अपलिंकवाले, काही डाउनलिंकवाले, दुकानांत आणि फुटपाथवर विखुरलेले. शेड्युलरला (कोणी कधी बोलायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला) सांगितलं की एकूण थ्रूपुट (सगळ्यांचा मिळून डेटाचा दर) वाढव, बाकी तुझं तू बघ.

एकूण थ्रूपुट खरंच वाढलं. सरांना आलेख पाठवला, त्यांनी उलट एकच ओळ लिहिली: "अपलिंक वेगळा काढून दाखव."

वेगळा काढला. मेन रोडवरच्या सेलमध्ये अपलिंक जवळपास शून्य. शेड्युलरने कोणताही नियम मोडलेला नाही. त्याला बेरीज वाढवायला सांगितलं होतं, आणि बेरीज वाढवायचा सर्वात स्वस्त मार्ग अपलिंक बंद ठेवण्याचा आहे, तो त्याने शोधला. डाउनलिंक कुठेही जास्त बिट देतो. त्याची पॉवर जवळ जवळ तेवढीच, पण मोबाईलला एवढा मोठा शेजारी बेस स्टेशन ऐकू येत नाही, तो गर्दीत खाली असतो.

माझं मत आजपासून ठाम: फुल-डुप्लेक्सचा कोणताही आलेख अपलिंक आणि डाउनलिंक एकत्र करून दाखवत असेल तर तो उघडायचाच नाही.

५ मार्च

रन बाजूला ठेवून दोन सेलचा हिशेब हाताने केला, कारण रनमधून कारण दिसत नाही. 'अ' सेलमध्ये एक अपलिंकवाला, 'ब' सेलमध्ये एक डाउनलिंकवाला. दोघंही आपापल्या खांबापासून ४० मीटरवर, दुकानाच्या आत. खांब एकमेकांना दिसतात, २०० मीटर. 'अ' चा स्वतःचा डाउनलिंक बंद धरला. दर शॅननच्या सूत्राने (सिग्नल नॉइजच्या किती डेसिबल वर आहे त्यावरून कमाल दर), प्रति हर्ट्झ.

'ब' एकटा चालला: ३१ डेसिबल, १०.३ बिट. 'अ' एकटा पूर्ण पॉवरने चालला: २६ डेसिबल, ८.६४ बिट. दोघं एकदम चालले: 'ब' चे १०.३ तसेच, 'अ' जवळपास संपला. उणे साडेचौदा डेसिबलवर ०.०५ बिट.

मग आमच्या मनात आलेला सभ्य उपाय: 'ब' ने २० डेसिबलने आवाज कमी करावा. 'ब' उरतो ३.७७ वर, 'अ' ला मिळतात २.१६. बेरीज ५.९३. दोघंही अर्धपोटी.

आता वेळ वाटून द्या. अर्धा वेळ 'ब', अर्धा वेळ 'अ', दोघंही पूर्ण पॉवरने. ५.१५ अधिक ४.३२, बेरीज ९.४७.

कालव्याच्या पाण्याला पाळी का लावतात ते आठवलं. सगळ्यांनी एकदम थोडं थोडं दार उघडलं तर शेवटच्या वावरापर्यंत ओलही जात नाही. इथेही जिथे बेस स्टेशन एकमेकांना लख्ख दिसतात तिथे पॉवर कमी करून मधला मार्ग काढण्यापेक्षा पाळीच बरी. जिथे दिसत नाहीत तिथे खुशाल एकदम चाला.

हे शॅननचे आकडे आहेत, खरं मॉड्युलेशन १० बिटांपर्यंत जात नाही. २५६-क्वाम या मॉड्युलेशनमध्ये सिंबॉलमागे ८ बिट, त्यातही कोडिंगचा वाटा जातो. पण वरची मर्यादा घातली तरी क्रम बदलत नाही.

७ मार्च

बेरीज टाकून दिली, प्रोपोर्शनल फेअर लावला. सरासरी दराच्या लॉगची बेरीज वाढवायची. कोणाची सरासरी शून्याकडे गेली की त्याचा लॉग उणे अनंताकडे जातो, त्यामुळे कोणालाच कायमचं दाबता येत नाही. एक गोष्ट मुद्दाम केली: एकाच माणसाचा अपलिंक आणि डाउनलिंक ही दोन वेगळी खाती. एकत्र ठेवली तर डाउनलिंक भरपूर मिळाला म्हणून अपलिंक उपाशी असल्याचं शेड्युलरला कळतच नाही.

मेन रोडवर आता अपलिंक चालतो. एकूण आकडा पहिल्या रनपेक्षा कमी. सर म्हणाले, "हाच आकडा खरा."

१३ मार्च

होळी. लॅब बंद. रन चालू ठेवून आलो.

१९ मार्च

आज एक गाठ सुटली, आणि ती पेपरांत नाही तर एलटीईच्या वेळापत्रकात सापडली.

आम्ही जोडी एकाच क्षणी निवडत होतो: हा अपलिंकवाला, तो डाउनलिंकवाला. पण एलटीई एफडीडीत अपलिंकची परवानगी ४ मिलिसेकंद आधी द्यावी लागते. मोबाईलला ती वाचायला आणि डेटा तयार करायला वेळ लागतो. डाउनलिंक मात्र ज्या सबफ्रेममध्ये (एक मिलिसेकंदाच्या तुकड्यात) ठरवला त्याच सबफ्रेममध्ये जातो. म्हणजे प्रत्यक्षात दोघांची निवड एकदम होऊच शकत नाही. अपलिंक कोण, हे ४ मिलिसेकंद आधीच ठरलेलं असतं. डाउनलिंकने नंतर येऊन त्याला साजेसा जोडीदार शोधायचा.

यामुळे शोधही सोपा झाला. आधी अपलिंकवाले गुणिले डाउनलिंकवाले एवढ्या जोड्या तपासत होतो, आता अपलिंकवाला ठरलेला असतो आणि डाउनलिंकवाल्यांची एक यादी चाळायची. त्यात कोणीच जमत नसेल तर डाउनलिंक त्या सबफ्रेममध्ये गप्प. डाउनलिंकला ही शिस्त लावणं मला पटतं. मागाहून येणाऱ्यानेच जागा बघून बसायचं.

शेजारच्या सेलला हे ४ मिलिसेकंद पुरतात का? दोन बेस स्टेशनमधला दुवा चांगल्या फायबरचा आणि एकाच कंट्रोलरखाली असेल तर हो. साध्या बॅकहॉलवर (बेस स्टेशनला नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्यावर) तेवढ्या वेळात निरोप पोचेलच असं नाही. म्हणून काम दोन थरांत तोडलं. कोणते सेल एकमेकांना दिसतात आणि त्यांची पाळी कशी, हे सावकाश, काही सेकंदांत एकदा. सेलच्या आत जोडी कोणती, हे दर मिलिसेकंदाला.

२ एप्रिल

हार्डवेअरचा दिवस, तोही कूलरसकट. उन्हाळा सुरू झालाय, लॅबच्या खिडकीतला कूलर दुपारभर चालतो.

टेबलावर काही हवेत सोडत नाही, परवान्याचा प्रश्न नको म्हणून सगळं केबल आणि अटेन्युएटरमधून (सिग्नल क्षीण करणाऱ्या भागातून). २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल दोन भागांत तोडतो. एक सर्क्युलेटरमधून (सिग्नलला एकाच दिशेने पुढच्या दाराकडे वळवणाऱ्या भागातून) अँटेनाच्या जागी ठेवलेल्या लोडकडे जातो, दुसरा अटेन्युएटर आणि फेज शिफ्टरमधून (लाट पुढे-मागे सरकवणाऱ्या भागातून) फिरून रिसीव्हरच्या तोंडाशी उलटा होऊन मिळतो. दोन्ही बरोबर जुळले की स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या पडद्यावर खोल खड्डा पडतो.

खड्डा पडला. जोडीदाराने हात बाजूला घेतला आणि खड्डा हळूहळू भरायला लागला. परत जुळवला, परत भरला. कूलरचा झोत थेट केबलवर येत होता. केबल हलत होती, थोडी, डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढी.

हिशेब केला तर यात नवल नाही. ४० डेसिबल कॅन्सलेशनसाठी उरलेली चूक एक टक्क्याच्या आत हवी, म्हणजे फेजमध्ये साधारण ०.५७ अंश. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यातले ०.५७ अंश म्हणजे ०.२ मिलिमीटर. केबलच्या आत तर त्याहून कमी. एवढ्या फरकाला झोत कशाला हवा, केबल तापली तरी पुरे.

लॅबच्या काकांना कूलर बंद करू का विचारलं. "कूलर बंद केला तं मशीन वाचन बाप्पा, पण तुम्ही नाही वाचनार." शेवटी कूलर तसाच ठेवून झोतासमोर पुठ्ठा लावला आणि लवचीक केबल काढून कडक सेमी-रिजिड लावली. खड्डा आता जागेवर राहतो.

दुसरी मेख बँडविड्थची. मधोमध ४० डेसिबल, पण कडांना कमी. दोन वाटांच्या लांबीतला फरक. १० मेगाहर्ट्झच्या कडेपर्यंत ४० टिकवायचे तर उशिरातला फरक ०.३२ नॅनोसेकंदाच्या आत हवा, केबलमध्ये जवळपास ७ सेंटिमीटर. हे जमण्यासारखं आहे, कात्री आणि पट्टी घेऊन बसलो तर. १०० मेगाहर्ट्झला हेच ७ मिलिमीटर होतात, तेव्हा कात्री पुरत नाही.

एवढं अॅनालॉगमध्ये कशासाठी मारायचं, सगळं डिजिटलमध्ये का नाही, असं ज्युनिअर विचारतात. १२ बिटांच्या एडीसीची (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपची) रेंज कागदावर ७४ डेसिबल. समोर स्वतःचाच राक्षस उभा असेल तर सगळे बिट त्यालाच मोजण्यात जातात आणि दूरचा मोबाईल शेवटच्या बिटाच्याही खाली बुडतो. एडीसीत एकदा बुडालेलं सॉफ्टवेअरने वर येत नाही.

९ एप्रिल

परत सिम्युलेशन. सेलच्या आतल्या जोड्यांचा आलेख विचित्र दिसत होता: जोडीतल्या दोन मोबाईलमधलं अंतर ५० मीटरच्या पुढे गेलं की सगळं अचानक छान. ताईंनी सूत्र काढून समोर ठेवलं.

मोबाईल ते मोबाईल, ५० मीटरपर्यंत मोकळ्या हवेचं सूत्र. बरोबर ५० वर पाथ लॉस ७२.४. त्याच्या पुढे वेगळं सूत्र, आणि ५० ओलांडताक्षणी १२३.७. एका पावलात ५१ डेसिबल. खऱ्या रस्त्यावर अशी भिंत कुठे नसते. सीताबर्डीत दोघं एकमेकांसमोर उभे असतील तर ७० मीटरवरही हवा मोकळीच आहे, आणि मधे दुकान असेल तर १० मीटरवरही नाही.

मर्यादेच्या अलीकडे काय होतं तेही बघितलं. पूर्ण पॉवरचा अपलिंकवाला डाउनलिंकवाल्यापासून १० मीटरवर: त्याचा सिग्नल उणे ३५.५, आणि बेस स्टेशनचा उणे ६४. गेला डाउनलिंक. चहाच्या टपरीवर शेजारी शेजारी उभ्या दोघांची जोडी कधीच लावू नये, एवढं तर सूत्राशिवायही सांगता येतं. पण टपरीवर शेजारी उभे आहेत हे शेड्युलरला कोण सांगणार? बेस स्टेशनला दोघांचंही स्वतःपासूनचं अंतर कळतं, एकमेकांपासूनचं नाही.

मानकाच्या रिलीज १६ मध्ये ३जीपीपीने याची सोय केली आहे. एक मोबाईल साउंडिंग (चाचणीचा) सिग्नल पाठवतो, दुसरा तो किती जोरात ऐकू आला ते मोजून कळवतो. आम्ही तेच धरलं. फक्त सगळ्यांना सगळ्यांचं मोजायला लावलं तर मोजण्यातच वेळ जाईल. म्हणून ज्यांच्या खात्यात अपलिंक साचलाय त्यांनीच पाठवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

यातून पॉवरचाही निकाल लागला. अपलिंकवाल्याची पॉवर वाढवली तर बेस स्टेशनला बरं, पण जोडीदाराच्या डाउनलिंकला वाईट. एकट्या अपलिंकच्या पाळीत पूर्ण पॉवर, जोडीत असताना पॉवर कंट्रोलची नेहमीची. दोन नियम पुरे.

१५ एप्रिल

काल आंबेडकर जयंती. परवा मध्यरात्रीपासून संविधान चौकात आणि दीक्षाभूमीकडे माणसं लोटली होती, आम्हीही गेलो. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येक फोन व्हिडिओ काढून पाठवतोय किंवा थेट दाखवतोय. डाउनलिंक कोणालाच नको होता. मी काढलेला व्हिडिओ घरी पोचेपर्यंत गोल गोल फिरत राहिला.

अपलिंकचा भार असा असतो. रोजच्या दिवशी डाउनलिंक जास्त लागतो म्हणून नेटवर्क त्याच मापाने शिवलेलं, आणि एखाद्या रात्री सगळं शहर उलट बाजूने बोलायला लागतं. आमच्या शेड्युलरला या भाराचा एक नमुना जोडला: अपलिंक भरपूर, डाउनलिंक तुरळक, माणसं एकमेकांना चिकटून. अपेक्षेप्रमाणे जोड्या जवळपास जमतच नाहीत, सगळे एकमेकांपासून हातभर अंतरावर. फुल-डुप्लेक्सचा इथे उपयोग शून्य. उपयोग आहे तो सेलला सलग अपलिंकच्या पाळ्या देता येण्याचा. हे रिपोर्टमध्ये झाकून ठेवणार नाही.

२३ एप्रिल

सरांनी विचारलं, उद्योगात हे कुठवर आलंय. शोधून लिहिलं.

आपल्याकडे ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. एअरटेलने ज्या आठ शहरांपासून सुरुवात केली त्यात नागपूर होतं. त्यातला ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा बँड टीडीडी आहे. टीडीडीतली एक प्रचलित रचना अशी: पाच स्लॉटपैकी तीन डाउनलिंक, एक मिश्र, एक अपलिंक. स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा, म्हणजे अपलिंकची पाळी अडीच मिलिसेकंदांत एकदा. २०० मिलिवॅटचा मोबाईल, तोही पाचातला एकच स्लॉट बोलतो. सतत बोलणाऱ्याच्या तुलनेत ७ डेसिबल तोटा. कडेच्या माणसाचा अपलिंक आधी तुटतो तो यामुळे.

३जीपीपीने रिलीज १८ मध्ये यावर सबबँड फुल-डुप्लेक्सचा अभ्यास केला: डाउनलिंकच्याच स्लॉटमध्ये मधली एक पट्टी अपलिंकसाठी राखायची. फ्रिक्वेन्सी पूर्ण एक नाही, शेजारची आहे, त्यामुळे कॅन्सलेशन कमी लागतं, आणि अपलिंकला दर स्लॉटला संधी मिळते. रिलीज १९ मध्ये त्याच्या मानकाचं काम हाती घेतलं. पूर्ण फुल-डुप्लेक्सपेक्षा हे रुक्ष आहे, पण बाजारात आधी हेच येईल, याबद्दल मला शंका नाही. आमचा पाळ्यांचा थर त्यालाही जसाच्या तसा लागू पडतो. शेजाऱ्याचा डाउनलिंक पट्टीच्या कडेने सांडतोच.

६ मे

मेन रोडसाठी शेवटचा प्रयोग. शेजारचे खांब सगळे जवळपास एकाच उंचीचे धरले तर शेजाऱ्याचा त्रास नेहमी क्षितिजाच्या दिशेने येतो. गिऱ्हाइकं मात्र खाली. अँटेना अॅरेला उभ्या दिशेत क्षितिजावर नल (अँटेना जिकडे जवळपास बहिरी आणि मुकी होते ती दिशा) पाडायला लावला. नल २० डेसिबलचा धरला तर, दोन्ही खांबांवर मिळून ४०. उणे ५०.४ वरून उणे ९०.४. म्हणजे सरळ नजरेतला शेजारीही आमच्या उणे ८६ च्या मर्यादेत बसतो आणि पाळीची गरजच संपते.

पण खांब एका उंचीचे असले तर. सीताबर्डीच्या वहीत आम्ही खांबांची उंची लिहिलीच आहे, आणि ती एकसारखी नाही. जिथे नल बसत नाही तिथे पाळी ठेवली. पुलाखालच्या नमुन्यात पिलरच एवढं झाकतात की डाव्या आणि उजव्या रांगेत नलही नको, पाळीही नको.

१६ मे

सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा पहिलाच प्रश्न: "मग दुप्पट कुठे आहे?"

जोडीदाराने नकाशा उघडला. आडव्या गल्ल्यांतले सेल, जिथे शेजारी दिसत नाही आणि माणसं विखुरलेली: तिथे दुपटीच्या दिशेने जातं, पूर्ण पोचत नाही, कारण अवशेषाचे सहा डेसिबल अपलिंकला द्यावेच लागतात. मेन रोड, नल नसताना: फायदा किरकोळ, पण अपलिंक जिवंत. जयंतीची रात्र: शून्य. परीक्षकांनी आडव्या गल्लीचा आलेख परत मागितला, या वेळी फक्त अपलिंकचा, आणि सर्वात कमी दर मिळणाऱ्या पाच टक्के लोकांचा. तो तयार होता.

उरलेलं काम पुढच्या बॅचसाठी. ५० मीटरची भिंत काढून मोबाईल ते मोबाईल वेगळं सूत्र लावा आणि जोड्यांचे सगळे रन पुन्हा चालवा. आकडे बदलतील, क्रम बदलतो का ते बघा. साउंडिंगचे अहवाल आम्ही ताजे धरलेत, ते शंभर-दोनशे मिलिसेकंद जुने असतील तर चालणाऱ्या माणसांची जोडी चुकते का ते तपासा. सर्क्युलेटरनंतर लोडच्या जागी खरी अँटेना लावाल तेव्हा आधी तिचा रिटर्न लॉस (परत उसळणारा सिग्नल किती कमी ते) मोजा. तो १५ डेसिबल असेल तर तेवढं परावर्तन सरळ रिसीव्हरमध्ये येतं, सर्क्युलेटर कितीही चांगला असो. सीताबर्डीची वही कपाटात वरच्या खणात आहे, खांबांचे क्रमांक व्हरायटी चौकाकडून सुरू होतात. पुठ्ठा कूलरच्या मागे.